साडूची बॅग मीच भरली

वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये! बावीस वर्षं मी मालट्रकांच्या वजनकाट्यावर बसतोय. ट्रक फाटकातून आत वळला की टायरांकडे बघून मी आकडा सांगतो, आणि काटा निमूटपणे तोच आकडा दाखवतो. घरी बायको भाजी घेऊन आली की मी पिशवी हातात तोलतो आणि म्हणतो, "पन्नास ग्रॅम कमी दिलीय." ती म्हणते, "बरं." अठरा वर्षांच्या संसारात माझ्या विद्येला मिळालेली दाद एवढीच. "बरं!"

"वा" हा शब्द तिच्याकडे नाही असं नाही. पण तो तिने माझ्या साडूसाठी राखून ठेवलाय.

साडू, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर आहे. हा गृहस्थ गेल्या वर्षी बायकोला घेऊन लांबच्या एका तळ्यावर जाऊन आला. तिथे रस्ता नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. कनूतून फिरायचं आणि काठावर तंबूत राहायचं. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी होडी. वल्ही आपण मारायची आणि दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली की होडी डोक्यावर घेऊन चालायचं. डोक्यावर! अहो, होडीने माणसाला न्यायचं की माणसाने होडीला?

पण आमच्या घरात वर्षभर दुसरा विषय नाही. "भाऊजींनी एकट्याने होडी उचलली, वा!" "भाऊजींनी वाऱ्यात तंबू लावला, वा!" मी सोफा एकट्याने सरकवला तर म्हणाली, "फरशीला चरे पडले." जळलो मी. उगाच कशाला लपवू? आतून कोळसा झालो होतो!

शेवटी मी जाहीर केलं, "या सुट्टीत आपण दोघं कनूने तळ्यावर जाणार."

"खरंच?" बायकोचे डोळे चमकले. मी छाती फुगवेपर्यंत तिने फोन कानाला लावलासुद्धा. "ताई, आम्ही तळ्यावर जातोय! तुम्ही दोघं या ना. यांना काही माहीत नाही गं, भाऊजी असले की काळजी नाही."

झालं! माझ्या सहलीचे कप्तान परस्पर ठरले.

तळ्याच्या धक्क्यावर दोन कनू तयार होत्या. मी म्हटलं, "आपल्या दोघांच्या मोठ्या बॅगा मी भरतो. वजनाचं काम माझ्याकडे." साडू हसला. दातांच्या डॉक्टरचं हसणं म्हणजे सगळेच्या सगळे बत्तीस दिसतात. म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्यासारखा तज्ज्ञ असताना मी कशाला हात लावू?" आणि दोघी बहिणींसाठी चहा आणायला गेला. माझ्या बायकोला दोन चमचे साखर लागते हेही याच्या लक्षात!

माझी नजर काठावरच्या गोट्यांवर गेली. गुळगुळीत, चपटे, बशीएवढे दगड. वाचकहो, तुम्ही मला वाईट म्हणाल. पण अठरा वर्षं "बरं" ऐकून बघा आणि मग म्हणा. मी आठ दगड साडूच्या बॅगेत तळाशी घातले. आणि सवय बघा माझी! मुकाट कोंबायचे की नाही? तर नाही. डावीकडे चार, उजवीकडे चार, जड ते पाठीच्या बाजूला, मध्ये कपड्यांच्या घड्या. काट्यावरचा माणूस वाकडं काम करूच शकत नाही. दगडांना जागा करायला त्याचे टॉर्च, डबे आणि दोरखंड माझ्याकडे घेता आले असते, पण मग माझी बॅग जड झाली असती. उलट माझी बॅग मी पिसासारखी हलकी ठेवली.

मनात चित्र तयार होतं. साडूची होडी मागे रेंगाळतेय, डोंगरवाटेवर साडू घामाघूम होऊन बसलाय, मी हात देतोय, बायको म्हणतेय, "वा!"

निघालो. धक्क्यापासून दोनशे हात गेलो आणि वारा सुटला. आमची हलकीफुलकी होडी गरकन फिरली आणि धक्क्याकडे तोंड करून उभी राहिली.

"अहो, आपण परत चाललोय का?" बायकोने विचारलं.

"वळण घेतोय."

"कुठे वळण? चारी बाजूंनी पाणीच आहे की!"

डावीकडे वल्हं मारलं की उजवीकडे, उजवीकडे मारलं की डावीकडे. अर्धं तळं मी गोल गोल फिरून पाहिलं. आणि साडू? त्याची होडी पाण्यात छान बसली होती. वारा तिला हलवायलाच तयार नव्हता! रेघेसारखी सरळ चालली होती.

"साडूभाऊ!" तो लांबून ओरडला, "गेल्या वर्षी वाऱ्याने नुसता छळ केला होता. आज काय झालंय कळत नाही, होडी कशी लोण्यासारखी चाललीय! तुमची फार हलकी झालीय. बुडाशी थोडं वजन ठेवा, दगडबिगड!"

"गरज नाही!" मी दात-ओठ खाऊन ओरडलो.

"भाऊजी सांगतायत तर ऐका ना," बायको म्हणाली. "बघा, ताई तर मांडीवर पुस्तक घेऊन वाचतेय. आणि माझ्या तोंडावर सकाळपासून तुमच्या वल्ह्याचं पाणी उडतंय. वा, काय वल्हवतात भाऊजी!"

एक "वा" तिथेच गेला. मी मनात म्हटलं, थांब बेटा. पाण्यात तरशील, जमिनीवर कुठे जाशील?

जमीन आली. पहिल्या तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत किलोमीटरभर चढाची पायवाट. साडूने बॅग पाठीला लावली. त्याने खांदे हलवले, एकदा थबकला आणि माझ्याकडे वळला.

"साडूभाऊ, खरं सांगू?"

कळलं याला!

"इतकी तोलून भरलेली बॅग मी जन्मात उचलली नाही. जड आहे, पण पाठीला कशी चिकटून बसलीय बघा! माझी कंबर वर्षभर धरली होती, ती आत्ता सरळ झाली." आणि गड्याने होडी डोक्यावर घेतली आणि शीळ घालत निघाला. शीळ!

मीही होडी डोक्यावर घेतली. होडीच्या आत डोकं गेलं की माणसाला फक्त स्वतःचे बूट दिसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको पुढून सांगत होती, "डावीकडे... माझ्या डावीकडे... झाड!" धाड! "आता उजवीकडे... दुसरं झाड!" धाड! त्या वाटेवरचं एकही झाड मी सोडलं नाही. माझ्या पाठीवरची पिसासारखी बॅग प्रत्येक धक्क्याला डोक्यावर येऊन आपटत होती. वर पोचत आलो तेव्हा साडू बॅग उतरवून ठेवून परत खाली येत होता, मला हात द्यायला.

मुक्कामाचं बेट दुसऱ्या तळ्याच्या मधोमध होतं. बेट कसलं, एक अख्खा सपाट खडक! पाण्याने धुऊन काढलेला, झाड नाही, माती नाही, एक खडा नाही. तंबूची खुंटी ठोकायला गेलो तर खुंटी वाकली. दुसरीही वाकली. दुपारचा वारा वाढला आणि आमचा तंबू फुगून उभा राहिला. त्याचं एक टोक बायकोने धरलं, एक मी.

"सोडू नका!" ती किंचाळली. "अहो, हा मला घेऊन चाललाय!"

"दोऱ्यांना काहीतरी जड बांधायला हवं!" मेव्हणी ओरडली. "अहो, बॅगेत काही आहे का बघा!"

साडूने बॅग उलटी केली. ठण्ण! ठण्ण! ठण्ण! एकामागून एक आठ दगड खडकावर पडले. विचारायला वेळच नव्हता. चार दगड आमच्या तंबूला, चार त्यांच्या. पाच मिनिटांत दोन्ही तंबू गपगुमान बसले.

बायको धापा टाकत म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला आधीच माहीत होतं इथे खुंटी लागत नाही! एवढे दगड पाठीवरून आणलेत आणि एका शब्दाने बोलला नाहीत! वा!"

"अगं, पण मी तर..." साडू गोंधळला.

"पुरे तो विनय. वा, भाऊजी, वा!"

तीन "वा"! माझ्या दगडांवर! मी वेचलेल्या, मी तोललेल्या, मी डावी-उजवी बघून भरलेल्या दगडांवर! मला काय झालं कुणास ठाऊक. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

"ते दगड मी भरले!" मी ओरडलो. "सगळे! मी!"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही?" बायकोने विचारलं. "कशाला?"

"तंबूसाठी!" मी छाती काढली. "पुढचा विचार करून."

मेव्हणीने चष्मा नाकावर सरकवला. बाई शाळेत गणित शिकवते. "अस्सं. मग स्वतःच्या बॅगेत का नाही भरलेत?"

मी माझ्या बुटांकडे बघू लागलो.

"अगं, मीच म्हणालो होतो त्यांना," साडू चटकन म्हणाला. "धक्क्यावर. त्यांची पाठ दुखते ना, म्हणून जड ते माझ्याकडे द्या म्हटलं. विसरलोच होतो बघ." आणि माझ्याकडे बघून हसला. बत्तीसच्या बत्तीस!

म्हणजे बघा, माझी लाजसुद्धा यानेच राखायची! त्या क्षणी मी त्याच्यावर जेवढा जळलो तेवढा आयुष्यात जळलो नव्हतो. बायको काही बोलली नाही. जेवताना बोलली नाही, झोपताना बोलली नाही. "बरं"सुद्धा नाही. मला त्या "बरं"ची आठवण येऊन भरून आलं. वाटलं, अठरा वर्षांत कमावलेलं तेवढंही मी घालवलं.

सकाळी ती पाण्याच्या कडेला भांडी घासत होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि मुकाट्याने एक ताटली घासायला घेतली. डॉक्टर आणि मेव्हणी लांब, खडकाच्या टोकाला सूर्य बघत बसले होते.

"किती होते?" तिने वर न बघता विचारलं.

"काय?"

"दगड. वजनाला."

खोटं बोलायला हवं होतं. पाच-सहा किलो सांगून सुटलो असतो. पण वजनाचं खोटं माझ्या तोंडातून निघत नाही.

"चौदा किलो तीनशे ग्रॅम."

तिचा हात थांबला. तिने टोकावरच्या दोघांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला.

"वा!" ती म्हणाली. "चौदा? मी ताईच्या बॅगेत ही लोखंडी कढई घातली होती, तर दिवसभर जीव धाकधूक करत होता. वर्षभर तोंडाला फेस येईपर्यंत तिच्या नवऱ्याचं कौतुक केलं, पण कधी तरी ती तुमच्याबद्दल एक शब्द बोलली? काल होडीत पुस्तक वाचत बसली, महाराणी! जास्त घालायची माझी छातीच झाली नाही हो. तीन किलो तरी असेल ना?"

मी कढई हातात घेऊन तोलली.

"चार किलो शंभर."

"खरंच?" ती लाजली. लग्नात लाजली होती, त्यानंतर आत्ताच!

तर वाचकहो, अठरा वर्षांनी मला बायकोचा एक "वा" मिळाला. तोंडभर, मनापासून. आणि तो कशाबद्दल मिळाला, हे चारचौघांत सांगायची सोय नाही!