डब्यातला भूकंप

आप्पांना फसवणं मुळीच अवघड नाही, फक्त डोकं थंड पाहिजे, असं सुदर्शनचं ठाम मत होतं. लातूरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत हे मत तो आपल्या पार्टनरला, म्हणजे हदगावच्या सिद्धेश्वरला, रोज जेवताना ऐकवायचा. "आपलं सगळं प्लॅनिंगनं असतंय सिद्धू! आप्पाच काय, आप्पाच्या आप्पालाबी पत्ता लागायचा न्हाई!" आणि एवढं बोलून झालं की हळूच दाराकडे बघायचा. आप्पा तिकडे किल्लारीला, तासाभराच्या वाटेवर. तरी बघायचा!

आता आप्पा, म्हणजे रामलिंग आप्पा, काही मारकुटे नव्हते हो. उभ्या जन्मात त्यांनी पोरावर हात उचलला नव्हता. ते नुसते बघायचे. पण त्या बघण्यानंच सुदर्शनच्या हाताला कापरं भरायचं. लहानपणी आप्पांना चहा नेऊन द्यायचा तर कपात कमी आणि बशीत जास्त! आणि आप्पांचा नियम एकच. "लातूरला कशापायी ठेवलाव तुला? नीटसाठी. नीट सोडून दुसरं काय करायलास असं दिसलं, तर गादी गुंडाळायची अन् रानात यायचं. सोयाबीन वाट बघायलंय." मागल्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात याला शिपायाचं काम मिळालं होतं. वाक्य एकच: "साहेब, चहा आणलाय." त्याचा फोटो कुणीतरी आप्पांना दाखवला, तर आप्पा पंधरा दिवस फोनवर बोलले नाहीत.

आणि असल्या बापाच्या या पठ्ठ्यानं काय करावं? बारावीच्या वर्षात, नीट तोंडावर आलेली असताना, विज्ञान प्रदर्शनात नाव दिलं! बरं, दिलं तर दिलं, निवडही झाली! विभागाचं प्रदर्शन नांदेडला, शनिवारी. बेत तयार होता. पहाटेच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं, रविवारची टेस्ट द्यायची. फिजिक्सचे सर सोबत येणार होते. आप्पांना सुगावाही लागणार नव्हता.

त्यानं बनवलं होतं भूकंपाची सूचना देणारं यंत्र. किल्लारीचं पोरगं दुसरं काय बनवणार! त्र्याण्णवच्या भूकंपात सगळं गाव गेलं, नवं गाव वसलं, सुदर्शन तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मला. पण अजून गावात जवळून ट्रक गेला तरी म्हातारी माणसं बोलता बोलता गप्प होतात आणि छताकडे बघतात. ते बघतच तो मोठा झाला होता.

यंत्र मात्र झकास होतं. आईच्या तीन कप्प्यांच्या स्टीलच्या डब्यात त्यानं ते बसवलं होतं. खाली बॅटरी, मधे भोंगा, आणि वरच्या कप्प्यात तारेला टांगलेला एक जड नट. नटाभोवती पितळेची बांगडी. जरा धक्का बसला की नट हलणार, बांगडीला टेकणार आणि दर टेकण्याला भोंगा पहिल्यापासून बोंबलणार! भोंगा एका भाजीवाल्याकडचा, मोडीतला. आधी त्यात भाजीवाल्याची हाक भरलेली होती, ती पुसून सुदर्शननं आपला आवाज भरला: "भूकंप! भूकंप! घराबाहेर पळा! लिफ्ट वापरू नका!" पण हाकेचा शेवटचा तुकडा काही केल्या पुसला जाईना. त्यामुळे लिफ्ट संपली की भाजीवाला ओरडायचा, "लसूण घ्या, गावरान लसूण!" शनिवारपर्यंत ते नीट करू, असं सुदर्शननं ठरवलं होतं. स्विचही बसवायचा राहिला होता. तोवर नट हलू नये म्हणून त्याच्याभोवती भांडी घासायचा पिवळा स्पंज कोंबून ठेवला होता. स्पंज आहे तोवर यंत्र झोपलेलं, स्पंज काढला की जागं!

आणि डबा? डब्याचं असं होतं, की लातुरात शिकणाऱ्या निम्म्या पोरांचं पोट एसटीवर चालतं. सकाळच्या गाडीनं गावाकडून भरलेला डबा येतो, दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं रिकामा डबा परत जातो. त्या कामाचे सुदर्शनच्या आईकडे, म्हणजे उज्वलाबाईंकडे, सारख्या दिसणारे तीन डबे होते, आणि तिन्हींवर कोरलेलं होतं, 'रामलिंग'. त्यातला एक याच्या यंत्राला लागला. आईला यानं सांगितलं, एसटीत हरवला. त्या माउलीनं बिचाऱ्या कंडक्टरला भर स्टँडवर असं झापलं, की तो बरेच दिवस तिला बघितलं की गाडीच्या मागं लपत होता.

गुरुवारी सकाळी सुदर्शन आंघोळ करून आला आणि सवयीप्रमाणे पलंगाखाली वाकला. पलंगाखाली फक्त चप्पल होती.

"सिद्धू, हितला डबा कुठंय?"

"देऊन आलो ना एसटीत! तू आंघोळ करून राहिला होता, गाडी सुटून राहिली होती. नाव वाचलं, रामलिंग. दिला."

"आरं, रिकामा डबा टेबलावर हाय!"

"मंग पलंगाखालच्यात काय होतं?"

"भूकंप!" सुदर्शन ओरडला आणि खाली बसला.

गाडी किल्लारीला पोचायच्या सुमाराला त्यानं आईच्या मोबाइलवर फोन लावला. उचलला धाकट्या बहिणीनं, ऋतुजानं. सुदर्शन काही बोलायच्या आत तीच किंचाळली, "दादा, हरवलेला डबा घावला! आई लई खूश हाय! कंडक्टरला चहा पाजायली!"

"ऋतुजा, डबा उघडू नका!"

"उघडला की. वरच्यात स्पंज होता. चांगला हाय म्हणून आईनं अलगद काढून भांड्याला घेतला."

सुदर्शनच्या कानात सुंई असा आवाज यायला लागला. "आता डबा कुठंय?"

"ओट्यावर. आतल्या तारा बघून आई म्हणायली, आप्पा जेवायला आले की दाखविते त्यास्नी."

"हात लावू नका! कुणी हात लावू नका! ओट्याजवळ चालताना बी हळू चाला! अन् तू एक काम कर, तेवढा स्पंज परत कोंब आत."

"फुटतंय का काय रं ते?"

"फुटत न्हाई. ओरडतंय."

ऋतुजा म्हणाली, "मला न्हाई बाबा, भ्या वाटतंय. मी शाळंला चालले!" आणि फोन बंद.

आता बघा कात्री कशी होती! अकरा वाजता क्लासला केमिस्ट्रीची टेस्ट. तिथं हजेरी अंगठ्याची. अंगठा लागला नाही, की मशीन आपोआप बापाच्या मोबाइलवर मेसेज धाडतं. म्हणजे टेस्ट दिली तर आप्पा डबा बघणार, आणि डबा आणायला गेलं तर आप्पा मेसेज बघणार. सिद्धेश्वरला अपराध्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, "मी जाऊ का तुझ्याऐवजी टेस्टला?"

"अंगठा कुणाचा लावशील?" सुदर्शन म्हणाला, आणि चप्पल पायात सरकवून स्टँडकडे पळत सुटला.

जीपमध्ये त्याला चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धं बूड आत आणि अर्धं बाहेर. औशापर्यंत त्याला सोयाबीनचं रान दिसत होतं. औशाच्या पुढं त्या रानात खुरपं घेऊन बसलेला स्वतःच दिसायला लागला. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाळा, कुणी आजारी हाय का घरी?" तो म्हणाला, "अजून न्हाई."

किल्लारीत उतरला तो सरळ घराकडे गेलाच नाही. मागच्या गल्लीनं, गोठ्याच्या कडेनं, चोरासारखा गेला. म्हशीनं त्याला ओळखलं आणि आनंदानं हंबरली, तेव्हा तिच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. समोर आप्पांची मोटारसायकल उभी! म्हणजे आप्पा रानातून आले होते. पुढच्या खोलीत ते आणि शेजारचे पंढरीकाका जेवायला बसले होते. आई वाढत होती. गल्लीतली कोंडाबाई आजी उंबऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत होती. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर डबा होता, झाकण उघडं, नट जागच्या जागी. देव आहे, असं सुदर्शनला मनापासून वाटलं.

त्यानं खिशातून रुमाल काढला. एका हातानं डबा अलगद उचलला. दुसऱ्या हातानं रुमाल नटाभोवती घालणार, एवढ्यात पुढच्या खोलीत आप्पांचा मोबाइल टुंग वाजला.

"काय म्हणायलंय बघा हो काका, चष्मा न्हाई माझ्याकडं," आप्पा म्हणाले.

पंढरीकाकांनी अडखळत वाचलं, "आपला पाल्य सुदर्शन आजच्या परीक्षेस गैरहजर आहे."

आप्पांच्या ताटातला खडखडाट थांबला. "उज्वला," आप्पा शांतपणे म्हणाले, "पोरगं कुठंय?"

बस्स! तो शांत आवाज कानावर पडला आणि सुदर्शनच्या हाताला कापरं भरलं. रुमाल खाली पडला. हात कापला, डबा कापला, नट हलला आणि बांगडीला टेकला.

"भूकंप! भूकंप! घराबाहेर पळा!"

अहो, दुसऱ्या गावात कुणी म्हणालं असतं, कोण रे तो कडमडलाय? पण ही किल्लारी! पंढरीकाका तोंडातल्या घासासकट उठले आणि कोंडाबाई आजीला बखोटीला धरून बाहेर. आईनं हातातलं पातेलं तसंच नेलं. शेजारच्या घरातून लेकरं निघाली, तान्ह्या पोराला छातीशी धरून सून निघाली, एक म्हातारा निम्मी दाढी झालेला, फेसासकट. बघता बघता अख्खी गल्ली रस्त्याच्या मधोमध. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलंही नाही. सगळे पायाखालच्या जमिनीकडे बघत उभे होते. कोंडाबाई आजीच्या मुठीत तुरीच्या शेंगा तशाच होत्या.

आप्पाही बाहेर आले होते. त्यांनी बायको बघितली, पोरगी शाळेत आहे हे आठवलं. आणि मग ते एकदम थबकले. घरातून आवाज येत होता, "लिफ्ट वापरू नका!" लिफ्टचं काही त्यांना कळलं नाही. आवाज मात्र कळला.

"आवाज तर माझ्या सुदर्शनचा हाय!"

"आप्पा, आत जाऊ नका! आप्पा!" गल्ली ओरडली. पण आप्पा गेलेसुद्धा. जेवत्या हातानं, अनवाणी, ज्या घरातून सगळे बाहेर पळत होते त्या घरात आप्पा आत पळत गेले. त्र्याण्णवच्या त्या पहाटे एवढ्याशा रामलिंगला त्याच्या बापानं असंच आत शिरून बाहेर काढलं होतं.

सुदर्शन ओट्यापाशीच थिजला होता. आप्पांनी त्याला विचारलं नाही की तू इथं कसा. त्याला डब्यासकट काखेत मारलं आणि रस्त्यावर आणलं. आणि आणल्यावर सोडलं नाही. घट्ट धरून ठेवलं. आप्पांच्या छातीची धडधड सुदर्शनच्या कानात वाजत होती. भूकंप झालेला नाही हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण ते आप्पांच्या सदऱ्यात दाबलं गेलं होतं. दोघांच्या मधे डबा मात्र बोंबलत होता. सगळी गल्ली धक्क्याची वाट बघत होती.

तेवढ्यात डब्यातून आवाज आला, "लसूण घ्या, गावरान लसूण!"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोंडाबाई आजी म्हणाली, "आगं बया! भूकंपात लसूण कोण विकायलाय गं?"

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा डब्याकडे वळल्या. सगळ्यांत शेवटी आप्पांची. आप्पांनी डब्याकडे बघितलं, डब्यावरच्या स्वतःच्या नावाकडे बघितलं आणि मग सुदर्शनकडे बघितलं. तेच ते बघणं! सुदर्शन एका दमात सगळं ओकला. प्रदर्शन, नांदेड, शनिवार, हरवलेला डबा, स्पंज, केमिस्ट्री. "आप्पा, चुकलं! पुन्हा न्हाई करणार! रानात येतो मी! आत्ताच येतो!"

आप्पांनी हात पुढं केला. सुदर्शननं डबा दिला. त्याच्या हातातून निघाल्यावर डबा क्षणभर गप्प झाला.

आणि आप्पांच्या हातात गेल्याबरोबर पुन्हा सुरू झाला, "भूकंप! भूकंप! घराबाहेर पळा!"

आप्पांनी डबा घट्ट धरला, तर तो आणखीच जोरात बोंबलला. आप्पांचे हात थरथरत होते. थांबवायचं म्हटलं तरी थांबत नव्हते. सुदर्शन बघतच राहिला. आप्पासुद्धा घाबरतात, हे त्याला सतरा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

"रामलिंगा, खाली ठेव रं ते," कोंडाबाई आजी म्हणाली, "न्हाईतर दिसभर लसूण विकत बसशील!"

पहिल्यांदा पंढरीकाका हसले. मग गल्ली हसली. काही जण हसता हसता डोळे पुसत होते.

शनिवारी नांदेडला सुदर्शनसोबत आप्पा स्वतः गेले. डबा त्यांनी मांडीवर घेतला, आत स्पंज घालून. वाटेत मात्र बुडालेल्या टेस्टमधला एकूण एक प्रश्न पोराला विचारला. "डॉक्टर तर व्हायचंच हाय," ते म्हणाले, "हे आपलं मधल्या वेळात." परीक्षकांनी डबा वर-खाली करून बघितला आणि विचारलं, "याची चाचणी कुठे घेतली?" सुदर्शन जमिनीकडे बघायला लागला. मागून आप्पा म्हणाले, "गावावर घेतली साहेब. एक माणूस घरात राह्यला न्हाई."

पहिला, दुसरा, तिसरा, सगळे नंबर दुसऱ्यांना गेले. सुदर्शनला उत्तेजनार्थ मिळालं. बक्षीस काय, तर तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा! उज्वलाबाईंनी तो दुसऱ्याच दिवशी भांड्यांच्या दुकानात नेला आणि नाव कोरून आणला. सोमवारी सकाळच्या गाडीनं तो भरून लातूरला आला, तेव्हा सिद्धेश्वरनं आधी कान लावून बघितला आणि मगच झाकणावरची अक्षरं मोठ्यानं वाचली:

'चि. सुदर्शन रामलिंग. आत फक्त जेवण.'