लोकरीने मोजलेलं अंतर

"सेल्बी, माझी लोकर कुठंय?" बायकोने, एफीने, स्वयंपाकघरातून विचारलं.

लोकर पृथ्वीच्या गोलावर होती. सेंट जॉन्सच्या सेल्बी नोझवर्दीने तिचं एक टोक आपल्या गावावर धरलं होतं आणि दुसरं, अख्खा कॅनडा ओलांडून, व्हिक्टोरियावर. विमान कंपनीचं सोनेरी कार्ड मिळवायला वर्ष संपायच्या आत आणखी काही मैल उडणं भाग होतं, आणि नाताळ तर उलटून गेला होता. शेजारच्या क्लॅरेन्सकडे ते कार्ड होतं. विमानतळावरच्या खास दालनात फुकट मिळणाऱ्या सूपचं वर्णन तो चर्चमध्येसुद्धा करायचा.

सरळ अंतर कमी भरत होतं. म्हणून सेल्बीने लोकर हॅलिफॅक्स, टोरांटो, कॅलगरी असे मुक्काम घेत नेली.

"बसलं बरोब्बर!"

"लोकर ताणली की वाढते रे."

"पृथ्वी तरी कुठे अगदी गोल आहे?"

"मर्टलला भेटशील ना? माझी बहीण व्हिक्टोरियातच राहते."

"भेटत बसलो तर परतीचं विमान चुकेल!"

हॅलिफॅक्सला काउंटरवरच्या मुलीने त्याला हसतमुखाने गाठलं. "काका, टोरांटोत बर्फाचं वादळ आहे. पण घाबरायचं नाही हां! तुम्हाला थेट कॅलगरीच्या विमानात बसवलंय."

"अगं, पण मला लांबून जायचंय!"

"या वयात? छे छे! त्या बाईंनी स्वतःची जागा सोडली तुमच्यासाठी."

बाईंनी हात हलवला. सेल्बीला आभार मानावे लागले.

कॅलगरीवर धुकं होतं. विमान घिरट्या घालू लागलं. प्रवासी देवाचं नाव घेत होते, सेल्बी मात्र खिडकीशी खुलला होता. "अजून एक फेरी होऊ दे!"

"काका, मैल विमानतळ ते विमानतळ सरळच धरतात," हवाईसुंदरी म्हणाली. "वर कितीही फिरा."

विमानाआधी सेल्बीचा चेहरा खाली उतरला.

घरी परतताना सेंट जॉन्सच्या काउंटरवर त्याने हिशेब विचारला. कार्ड हुकलं होतं, तेही लोकर ताणली होती तेवढ्यानेच.

"पण काका, तुमच्या पत्त्यावर सोनेरी कार्ड आहेच की! एफी नोझवर्दी."

सेल्बी धापा टाकत घरी पोचला. एफी त्याच लोकरीचा मोजा विणत होती.

"तू मैल गोळा करायला गेलास की घर खायला उठायचं," ती शांतपणे म्हणाली. "मग मी मर्टलकडे जायचे."

"मला सांगितलं नाहीस ते?"

"तू घरी असलास की तुझ्या मैलांपुढे कुणाला बोलायला मिळायचं?"

सेल्बी तिच्याशेजारी टेकला. आवाजात जमेल तेवढं मार्दव आणून म्हणाला, "कार्डवाल्याला त्या खास दालनात सोबत एक माणूस नेता येतं म्हणे."

"येतं की. उन्हाळ्यात मर्टल येतेय, तिला नेणार आहे." एफीने टाका मोजून पुढे विणायला घेतलं. "तू बाहेर बस. सूप कसं होतं ते आल्यावर सांगेन."