तोंड फिरवून बोलणारा टीव्ही

मी हे लिहावं की नाही, याची अजून मनात धाकधूक आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही इलेक्ट्रॉनिक्स शिकायला. लिहिण्यातलं मला फारसं कळत नाही. काही चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण नांदेडात ज्यांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, त्या शिवमूर्ती अप्पांबद्दल कुणीतरी सांगायला पाहिजे असं फार वाटतं, आणि दुसरं कुणी सांगेल असं दिसत नाही.

अप्पा टीव्हीच्या नमस्काराला उत्तर देतात.

बातम्या देणारी बाई ‘नमस्कार’ म्हणाली की अप्पा चहाची बशी खाली ठेवतात, दोन्ही हात जोडतात आणि मोठ्यानं म्हणतात, ‘‘शरणार्थी!’’ अप्पा लिंगायत. त्यांच्यात भेटल्यावर ‘शरणु’ म्हणतात आणि समोरच्यानं ‘शरणार्थी’ म्हणून उत्तर द्यायचं असतं. हवामान सांगणारा, मसाल्याची जाहिरात करणारी, निवडणुकीत मतं मागणारा, अप्पा कुणालाच बिनउत्तराचं सोडत नाहीत. एकदा मी भीतभीतच म्हणालो, ‘‘अप्पा, त्यांना ऐकू जात नाही.’’

‘‘त्येंचं त्ये बघतील,’’ अप्पा म्हणाले. ‘‘दारात आलेला नमस्कार तसाच ठेवायचा न्हाई.’’

अप्पांचं उदगीरला भांड्यांचं दुकान होतं. ते विकून नवरा-बायको नांदेडला आले. का आले, ते कधी बोलत नसत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अव्वा म्हणते, मीही म्हणतो. अप्पांना ऐकू कमी येतं, पण ते त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते कान ठणठणीत आहेत, लोकच बिघडलेत. ‘‘आजकाल सगळे तोंड फिरवून बोलून राहिलेत. बोलणारानं तोंडासमोर बोलावं.’’ हे वाक्य दूधवाल्यानं, भाजीवालीनं आणि मी इतक्यांदा ऐकलंय की आम्ही तिघंही आता समोरासमोर उभं राहूनच बोलतो. फोनसुद्धा अप्पा कानाला लावत नाहीत. तोंडासमोर आरशासारखा धरतात आणि त्याच्या डोळ्यात बघून ओरडतात.

एकदा त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून विष्णुपुरीचं धरण दाखवायला नेलं. वाटेत त्यांनी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं. मागून पाठीत धपाटा. ‘‘तोंड फिरवून बोलू नको!’’ म्हणून मी मान मागं वळवली, तर दुसरा धपाटा. ‘‘समोर बघ की, मारतो का काय!’’ पुढचा सगळा रस्ता मी मुकाट्यानं गाडी चालवली.

अशा माणसाच्या घरात नवा पातळ टीव्ही आला. या टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला असतात. म्हणजे तो भिंतीकडं तोंड करून बोलतो. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांना तो सरळ सरळ अपमान वाटला.

पहिला उपाय त्यांनी स्वतःच केला. दुकानातली उरलेली एक मोठी पितळी परात टीव्हीच्या मागं उभी केली, आवाज तिला थडकून पुढं यावा म्हणून. आवाज आला पुढं. पण बातम्यांची बाई आडात पडून मदत मागतेय असं वाटायला लागलं. अव्वा म्हणाल्या, ‘‘परात काढा. मला भाकरी थापायची हाय.’’

‘‘दुसऱ्या परातीत थाप.’’

‘‘दुसरी बी लावून बघा मग. त्यो म्हातारा हवामानवाला बी आडात जाऊ द्या.’’

मग अप्पांना त्यांचा जुना डेक आठवला. माळ्यावर होता तो, कमरेएवढ्या दोन स्पीकरांसकट. लिंगायत संतांच्या वचनांच्या कॅसेटी ऐकायला घेतलेला. ‘‘इंजिनेर,’’ अप्पा मला म्हणाले, ‘‘टीव्हीचा आवाज ह्याच्यातून काढ. साडेपाचच्या आत.’’

साडेपाचला शेतीचा कार्यक्रम लागतो. हेच मला कधी उमगलं नव्हतं. आमची अर्धापूरकडं केळी आहे, तरी माझे वडील तो कार्यक्रम बघत नाहीत. अप्पांकडं एक वाफा जमीन नाही. पण तुरीवरची अळी आणि सोयाबीनचा तांबेरा ते खुर्ची पुढं ओढून, श्वास धरून बघत. कार्यक्रम सांगणारी एक हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. ती ‘नमस्कार’ म्हणायची, तेव्हा मात्र अप्पा हात जोडत नसत. ‘‘ऐकू आलं न्हाई,’’ असं पुटपुटत. अव्वा त्यांच्याकडं बघत आणि आत जात.

मी बाजारातून वायर आणली. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी. डेकच्या मागं भोकांच्या दोन जोड्या होत्या. एकीवर ‘इन’ लिहिलेलं, दुसरीवर ‘आउट’. मी ‘इन’कडं हात नेला तसे अप्पा ओरडले.

‘‘आत कुठं घालून राहिलास? आवाज भाईर यायला पाहिजे ना? मग औट मधी लाव!’’

‘‘अप्पा, ते तसं नसतंय...’’

‘‘मला इंग्रजी येतंय. औट म्हंजी भाईर.’’

वयानं मोठ्या माणसाशी वाद घालायची मला सवय नाही. मी ‘आउट’मध्ये लावली. डेक गप्प. आणि पिन टीव्हीत गेल्यामुळं टीव्हीचाही आवाज बंद झाला. ती बाई ओठ हलवून तुरीबद्दल काहीतरी सांगत राहिली.

‘‘तोंड फिरवून का हुईना, बोलत व्हता,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तू मुका केलास त्याला.’’

‘‘वायर ‘इन’मध्ये लावू का?’’

‘‘वायरला हात लावू नको. दम खा. आवाज लांबून येऊन राहिला आसंल.’’

अप्पांनी खरंच दम खाल्ला. दुसऱ्या दिवशी साडेपाचलाही ते मुक्या टीव्हीसमोर बसले होते, तिच्या ओठांकडं बघत. चेहरा असा झाला होता की मला राहवलं नाही. मी त्यांच्या अगदी तोंडासमोर जाऊन बसलो आणि सांगितलं, ‘‘अप्पा, हा डेक माणसासारखाच आहे. ‘इन’ म्हणजे त्याचा कान. आधी कानात आवाज गेला पाहिजे, मगच त्याच्या तोंडून बाहेर येईल. आपण त्याच्या तोंडातच आवाज कोंबून राहिलोत.’’

अप्पांनी वाकून डेकच्या मागं ‘इन’वर बोट ठेवलं.

‘‘म्हंजी बोलायच्या आधी ऐकावं लागतंय म्हन.’’

‘‘हाव.’’

दारातून अव्वा म्हणाल्या, ‘‘हे ह्येंना मी किती साल झालं सांगून राहिले. पोरानं एका वायरीत सांगितलं.’’

अप्पा हसले नाहीत. ‘‘लाव,’’ म्हणाले.

मी पिना बदलल्या आणि डेकचं बटण फिरवलं. खिडकीची काच थरथरली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती बाई निरोप घेत होती, ‘‘पुन्हा भेटू उद्या. तोपर्यंत नमस्कार!’’

मी अप्पांच्या ‘शरणार्थी’ची वाट बघत होतो. ते उठले, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि धूळ नसलेला स्पीकर धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

मग स्वयंपाकघरात अव्वांनी मला सांगितलं. ती बाई म्हणजे त्यांची लेक, महादेवी. लातूरला शेतीचं शिकली आणि तिथंच जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं. लग्नानंतर दोघं उदगीरला आले. तिनं उंबऱ्यातून ‘शरणु, अप्पा’ म्हटलं. अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. पुढं लोक सारखं तिच्याबद्दल विचारायला लागले, म्हणून अप्पांनी दुकान विकलं.

‘‘त्या दिवसापासून हे सगळ्या जगाला शरणार्थी म्हणून राहिलेत,’’ अव्वा म्हणाल्या. ‘‘जिला म्हणायचं तिला सोडून.’’

दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच साडेपाचला खाली गेलो नाही. जिन्यात बसलो होतो. आता डेकमुळं जिन्यातही सगळं ऐकू येत होतं. ‘‘नमस्कार, शेतकरी मित्रांनो!’’ आणि त्यानंतर अप्पांचा आवाज, इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी आहे.

‘‘शरणार्थी, माय.’’

लगेच अव्वा मोबाइल पदराखाली धरून माझ्यासमोरून वर गच्चीत गेल्या. त्या कुणाला फोन करत होत्या, ते मी विचारलं नाही.

मग परीक्षा झाली आणि मी गावाकडं आलो. काल वडिलांबरोबर केळीच्या बागेत होतो, तेवढ्यात फोन वाजला. अप्पाच. ओरडून बोलत होते.

‘‘इंजिनेर! टीव्ही बंद कसा करायचा?’’

‘‘अप्पा, त्या लाल बटणानं. काय झालं, बिघडला का?’’

‘‘बिघडला न्हाई रे. लेक आली हाय! जावई बी हाय. आन् हा खामखा मधी मधी बोलून राहिला.’’

मागं टीव्ही चालूच होता. डेकमधून कुणीतरी दणदणीत आवाजात ‘नमस्कार’ म्हणालं. मी सवयीनं थांबलो. उत्तर आलं नाही. एक ओळखीचा आवाज तेवढा आला, तुरीच्या अळीबद्दल सांगणारा, पण आता साधाच, घरातला.

‘‘अप्पा, फोन ठेवा की. इकडं तोंड करा.’’

‘‘केलं, माय,’’ अप्पा म्हणाले, आणि फोन बंद करायचा विसरून गेले.