जमिनीखालची हवा

आखातातल्या खैरान गावच्या एका बंगल्यात दिवाणखान्याची लाकडी जमीन मधोमध फुगली आणि मालकीण बुशराबाई तिच्यावर अडखळल्या. फोरमन सुयोगने लगेच दोघांना बोलावलं: गुहागरचा सुतार तुळशीदास आणि त्याच्याच खोलीत राहणारा म्हसळ्याचा गवंडी हमीद.

बंगल्याला समुद्राच्या बाजूने नुकतीच काचेची खोली जोडली होती. लाकडाने ओल धरून फुगू नये, खाली हवा खेळावी म्हणून जुन्या भिंतीत, जमिनीलगत झरोके होते. नव्या खोलीने ते झाकले जाणार, म्हणून तिच्या फरशीखालून पाइप टाकून हवा बाहेरून आणायची, हे तुळशीदासनेच सगळ्यांना चारचारदा बजावलं होतं.

"मग हवा कोंडली कशी?" सुयोगने विचारलं.

"यानं काँक्रीट ओतताना पाइप बुजवलान," तुळशीदास म्हणाला. "सांगून सांगून माझी जीभ झिजली, साहेब!"

"मी कशाला बुजवू रे? तोंडं बांधून ठेवलेली, नंतर सोडली पण."

"सोडलीस! स्वप्नात!"

हमीद परवा रजेवर निघणार होता. लेकीला, झरीनला, मुलगा झाला होता. सुयोगने रजा थांबवली. "आधी फरशी फोडा, मग बघू."

हमीद दिवसभर फरशी फोडत राहिला. तुळशीदासने आणलेला चहा त्याने तसाच निवू दिला.

पाइप अगदी मोकळे निघाले. हमीदने आत बॅटरी मारली.

"तुळश्या, ही फळी कुणाची रे?"

तुळशीदासने घरात जाऊन भिंतीलगतच्या लाकडी पट्ट्या उचकटल्या आणि वाकून पाहिलं. झरोक्यांवर आतून प्लायवूड होतं, प्रत्येक कोपऱ्यात तीन-तीन खिळे. इतके खिळे त्याच्याशिवाय कुणी मारत नसे. काम चालू असताना धुळीचं वादळ आलं होतं. घरात धूळ नको म्हणून त्यानेच फळी ठोकली आणि नंतर विसरून वरून जमीन बसवून टाकली.

तो तडक सुयोगकडे गेला. "चूक माझी, साहेब. त्याला जाऊ द्या. माझी रजा कापा."

"आणि फरशी परत कोण घालणार? तुम्ही?"

सुयोगने रजेचा कागद पुढे ओढला.

"गवंडी मला इथेच पाहिजे. लाकूड सुकायला महिना जाईल, तोवर सुताराला कामच नाही. हमीदच्या जागी तुम्ही जाऊन या."

खोलीवर हमीदला हे आधीच कळलं होतं; तो बाळाची झबली पिशवीत भरत होता. तुळशीदास दारातच उभा राहिला.

"हमीद, मी काय तोंडानं..."

"ही झरीनला दे. पोराला माझ्या नावानं मांडीवर घे."

"घेईन रे."

"आणि ऐक. बाळाला वारा लागतो म्हणून तिथं काय ठोकू नको."