स्टड तुटला आणि सासरे निघाले

माझं डोकं उगाच फिरत नाही, हे आधीच सांगतो. त्याला कोणीतरी फिरवावं लागतं. त्या रविवारी करंगळीएवढ्या लोखंडाच्या तुकड्यानं ते गरागरा फिरवलं!

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरोघरी जाऊन त्यांचे गुडघे वाकवते. तिची गाडी तीस वर्षं जुनी. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथं जोडतात तिथलं गॅस्केट फुटलं होतं, त्यामुळे गाडी सुरू केली की आख्खी गल्ली खिडकीत यायची.

"मेकॅनिकला बोलाव," बायको म्हणाली. "उद्या सकाळी सातला मला निघायचंय."

"मेकॅनिक कशाला? चार नट काढायचे, गॅस्केट बदलायचं, चार नट लावायचे. तासाभराचं काम!"

सासरे पायरीवर उभे होते. त्यांच्या घराला रंग चालला होता म्हणून तीन आठवडे आमच्याकडेच होते. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, जुनं इंजिन आहे. आधी तेल सोडा, गरम करा, मग पाना लावा."

झालं! चढला मला राग. विम्याच्या ऑफिसात बसतो म्हणून काय नटही सोडवता येऊ नये? "बाबा, तुम्ही चहा घ्या," म्हटलं आणि पान्यावर सगळा भार टाकला.

कट्!

नट हातात आला. सोबत निम्मा स्टडही आला, म्हणजे इंजिनात रुतलेला, नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा. उरलेला निम्मा भोकात, दात किडून मुळाशी तुटावा तसा. पकडायला वर तीळभरही शिल्लक नाही!

तणतणत हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं उलट्या आट्यांची एक सळी दिली. तुटक्या स्टडला भोक पाडायचं, सळी घालून पिळायची, की स्टड बाहेर! तिचं नाव इझी-आउट. हे नाव ठेवणारा मला एकदा भेटायला हवा!

भोक पाडलं. सळी घातली. पिळली.

टक्!

आता आत स्टड आणि स्टडच्या आत इझी-आउट. हा दुसरा तुकडा इतका कडक, की ड्रिल त्याच्यावरून नुसतं घसरत होतं. दोन बिटं बोथट झाली. अंगठ्याचं साल निघालं. मग मात्र मी पाना आपटला आणि इंजिनात तोंड घालून ओरडलो, "गंजक्या म्हाताऱ्या! किती दिवस चिकटून बसणार आहेस? आज तुला बाहेर काढल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही!"

वरच्या खिडकीत कपबशी खळकन वाजली.

दहा मिनिटांनी सासरे जिना उतरले. पायात बूट, हातात बॅग. मागे बायको, डोळे लाल.

"पाणी प्या, जावईबापू," सासरे थंडपणे म्हणाले. "निघालो मी."

"माझ्या बाबांना गंजका म्हातारा म्हणालास?" बायको कडाडली. "तेही अरे-तुरे करून?"

"मी स्टडला म्हणालो!"

"कुठल्या स्टडला?"

"या! इथं बघ!"

तिनं वाकून पाहिलं. "इथं तर काहीच नाहीये!"

"नाहीच आहे! तेच तर दुखणं आहे! असता तर धरून काढला नसता का?"

"बाबा, चला. मी रिक्षापर्यंत येते."

पण सासरे हलले नाहीत. बॅग हातात तशीच ठेवून ते वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. बोटानं भोक चाचपलं.

"आत इझी-आउट मोडलाय?"

मी मान डोलावली.

"गरम न करता घातलात?"

मी आणखी डोलावली.

त्यांनी बॅग धाडकन खाली ठेवली. "मला म्हातारा म्हणालात, ते एक वेळ गिळलं असतं. पण हे? आमच्या कारखान्यात असं काम करणाऱ्याला गेटबाहेर काढायचे!"

तीन आठवड्यांत हा माणूस आवाज चढवून बोलला नव्हता. आता थांबेना! कोपऱ्यावरच्या वेल्डरला त्यांनी जेवणावरून उठवून आणलं. तुटक्या तुकड्यावर नट ठेवला, नटाच्या पोटातून वेल्डिंग भरायला लावलं. सगळं लालबुंद झालं. जरा निवू दिलं. मग स्वतः पाना लावून, बाळाची मान सांभाळावी तसा, किंचित पुढे, किंचित मागे. कुरकुरत स्टड बाहेर आला. पोटात माझा इझी-आउट!

बायकोनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होतो.

"तुमचं झालं ना करून? आता कशाला हात लावू नका," सासरे म्हणाले आणि उरलेल्या तीन नटांकडे वळले.

मला भयंकर राग आला. घर माझं, पाना माझा, सोललेला अंगठाही माझाच! ताठ उभा राहून मी ठणकावून सांगणार, तेवढ्यात इंजिनाखालून सासरे खेकसले. जावईबापू नाही, अहो नाही, काही नाही.

"अरे, बॅटरी नीट धर! उजेड माझ्या डोळ्यात नको, नटावर पाड!"

धरली. काय करता!