फक्त हिरवा दिवा बघून येतो

"दहा मिनिटांचं काम आहे. फक्त हिरवा दिवा बघून येतो," असे म्हणून तो गाडीतून उतरला, तेव्हा बायकोने सीट मागे घेतली आणि चपला काढून पाय वर घेतले.

तिच्या माहेरी त्याला 'दहामिनिटे' म्हणत, अगदी आडनाव असल्यासारखे. मेहुण्याच्या नव्या घरी सगळे पहिल्यांदा जेवायला जमले, तेव्हा हे दोघे पोचले ते भांडी घासून पालथी घातल्यावर. सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणायचे त्याने आपणहून अंगावर घेतले होते. तो दवाखान्यात पोचेपर्यंत त्या टॅक्सी करून घरी गेल्या आणि मागाहून हा घरी गेला, तेव्हा दार उघडायलाही त्याच आल्या. माणूस वाईट नव्हता हो. त्याला दहा मिनिटे म्हणजे नेमकी किती, हे कुणी शिकवलेच नव्हते. शिवाय काम करताना कुणी काही बोलले की "हं" म्हणायची त्याला खोड होती, आणि त्या 'हं'चा ऐकण्याशी काही संबंध नसे.

आज मात्र प्रसंग बाका होता. सासरे शाळेतून निवृत्त होत होते. पाच वाजता तिच्या माहेरगावी शाळेच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम, त्यात लेकीने पडद्यावर बाबांचे जुने फोटो दाखवून चार शब्द बोलायचे. त्या फोटोंसाठी ती महिनाभर आत्या, शेजारी आणि टक्कल पडलेले माजी विद्यार्थी यांच्या मागे लागली होती. "बाबा स्टेजवर बसले की आधी पहिल्या रांगेत मला शोधतात," ती निघताना म्हणाली होती. "मी दिसले नाही ना, तर त्यांना काही सुचत नाही. आज उशीर झाला तर मी तुला माफ नाही करणार, आधीच सांगते."

"हं," तो म्हणाला होता.

तो ज्या औषधांच्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळायचा, तिथे कपाटाएवढ्या रॅकवर एक काळी पेटी होती. फायरवॉल. इंटरनेटची तार आधी तिच्यात यायची आणि तिला विचारल्याशिवाय आत-बाहेर काहीही जात नसे. तिच्या आतली सिस्टीम जुनी झाली, नवी टाका, असा पेटी बनवणाऱ्या कंपनीने कधीचा लकडा लावला होता. शनिवारी दुपारी गोदाम जेवायला बंद असते, म्हणून त्याने आजचा मुहूर्त धरला. सकाळी येऊन पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम पेटीत सोडली, जेवणाची सुट्टी होताच 'सुरू करा' दाबले आणि घरी जेवायला गेला. आता जाता जाता दिवा हिरवा झालेला बघायचा, की मोकळा.

दिवा केशरी होता. मग विझला. मग पुन्हा केशरी झाला.

"मघापासून हे असंच चाललंय," मॅनेजरबाई रॅकपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "मला वाटलं, नवीन आहे म्हणून लुकलुकतंय."

"नवीन नाही मॅडम. अडकलीये ती. सुरू व्हायला जाते आणि मध्येच परत पहिल्यापासून."

"तीनला गाड्या भरायच्या आहेत. कुठल्या गाडीत काय जायचं, ते नेटवरनं येतं. दवाखाने वाट बघतायत, म्हटलं आपलं सांगून ठेवावं."

त्याने पेटीची वायर काढली, थोडा वेळ थांबला, परत लावली. केशरी. मग तेच पुन्हा केले, या खेपेला जास्त श्रद्धेने. तरी केशरीच. आता आत काय बिनसले आहे ते बघायला हवे होते, पण पेटीला ना पडदा ना बटणे. एक निळी चपटी केबल असते, तिने पेटीला लॅपटॉप जोडला की पेटी मनातले बोलते. त्याने खण उपसला, कपाट उपसले, मॅनेजरबाईंच्या टेबलाखाली शिरून बाहेर आला. शेवटी आठवले की ती घरी नेली होती. त्याने खाली गाडीत फोन लावला.

"अगं, आपल्या टेबलाच्या खणात एक निळी केबल होती. चपटी. तू कुठे ठेवलीस का?"

"बॅगेला बांधलीय."

"कुठल्या बॅगेला?"

"आपल्या. तिची कडी तुटलीय, गेले कित्येक दिवस सांगतेय. तू 'हं' म्हणालास. म्हणून मी बांधली. छान घट्ट बसलीय."

तो खाली धावला. बायकोने गाठही तिच्या स्वभावाप्रमाणे पक्की मारली होती. ती सुटली तशी बॅगेने तोंड उघडले आणि मुक्कामासाठी घेतलेले त्याचे दोन पायजमे रस्त्यावर आले.

"झाली तुझी दहा मिनिटं?" तिने पायजमे झटकत विचारले.

"होतच आलं," असे म्हणून तो केबल घेऊन जिना चढला.

लॅपटॉपवर पांढरी अक्षरे भराभरा पळू लागली आणि एका ओळीवर थबकली. सुरू करण्याजोगी सिस्टीम सापडत नाही, असा त्या ओळीचा भावार्थ. की लगेच सगळे पहिल्यापासून. त्याने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आपला फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे त्याने बराच वेळ ऐकले. मग एक मुलगा बोलू लागला.

"सर, एकदा बंद करून चालू करून बघितलंत का?"

"मघापासून तेच करतोय."

"मग सर, बहुतेक नवी सिस्टीम नीट बसलेली नाही. सगळं पुसून परत टाकावं लागेल. तुमच्या सेटिंगची कॉपी तर असेलच ना?"

इथे त्याने समोरच्या भिंतीकडे बघितले, आणि बघायला नको होते. भिंतीवर त्यानेच लावलेला कागद होता, 'आज बॅकअप घेतलात का?' खाली रोखलेले बोट. असे कागद त्याने चहाच्या टेबलावर, जिन्यात आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवले होते, म्हणजे बसलेल्या माणसाचीही सुटका नको.

"घेणारच होतो," तो फोनमध्ये हळूच म्हणाला.

मॅनेजरबाईंनी ऐकले. "आम्हाला एवढं घोकायला लावता," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःच कोरडे होय?"

कॉपी नसली, तर एकेक सेटिंग आठवून भरायला उद्याची संध्याकाळ उजाडली असती. सभागृह, पहिली रांग, रिकामी खुर्ची आणि खुर्चीकडे बघणारे सासरे असे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्याला खरोखर रडू यायला लागले.

तेवढ्यात उघडी बॅग दोन्ही हातांनी कवटाळून बायको वर आली. "हिला बांधायला काहीतरी द्या हो," ती मॅनेजरबाईंना म्हणाली. "याने हिचा पट्टा काढून नेलाय."

बाईंनी गोदामातली चिकटपट्टी आणली आणि दोघींनी मिळून बॅग गच्च गुंडाळली. पट्टीवर जागोजागी छापले होते, 'काचेच्या बाटल्या. जपून हाताळा. उलटे ठेवू नये.' तेवढ्यात दोघींची ओळख झाली आणि याच्याबद्दल बोलूनही झाले. हा इकडे लॅपटॉपपुढे मान खाली घालून बसला होता. बायको जरा टेकायला म्हणून रॅकच्या मागे ठेवलेल्या स्टुलाकडे गेली आणि तिथूनच म्हणाली, "हा लाल पेनड्राइव्ह इथे कसा काय?"

"कुठे?"

"पेटीच्या मागे. खुपसलेला."

तो उठून मागे गेला. सकाळी लावलेला पेनड्राइव्ह काढायचाच राहिला होता. जुनी सिस्टीम असल्या लोंबकळणाऱ्या वस्तूंकडे ढुंकून बघत नसे. नवी मात्र जरा जास्तच चौकस. सुरू होताना आधी बाहेर काय लावले आहे ते बघायची, त्या पेनड्राइव्हमध्ये स्वतःला शोधायची, तिथे होती ती नुसती बांधलेल्या गाठोड्यासारखी, सुरू करण्याजोगी नव्हे, म्हणून हात टेकायची. त्याने पेनड्राइव्ह उपटला आणि पेटी पुन्हा चालू केली. केशरी. थोडा वेळ केशरीच. मग हिरवा.

गोदामातल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी एकदम टिंग टिंग सुरू केले. मॅनेजरबाई "चला, गाड्या लावा रे," म्हणत निघून गेल्या. त्याला इतका आनंद झाला की तो रॅकला टेकून नुसता हसत राहिला.

"बरं झालं सापडला," बायको म्हणाली. "बाबांचे फोटो आहेत त्यात. सकाळी किल्ल्यांच्या वाटीत ठेवताना तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून? आता नीट खिशात ठेव, संध्याकाळी लागेल."

त्याचे हसू जागच्या जागी थिजले. सकाळी बूट घालताना बायको काहीतरी बोलत होती, त्यावर तो "हं" म्हणाला होता, हे त्याला आठवले. नवी सिस्टीम ठेवायला पेनड्राइव्ह आधी कोरा करावा लागतो, हेही आठवले. 'यातले सगळे पुसले जाईल, चालेल का?' असे लॅपटॉपने विचारले होते. त्यालाही तो "हं" म्हणाला होता.

गाडी शहराबाहेर पडली. खिशातला पेनड्राइव्ह त्याला छातीवर वरवंटा ठेवल्यासारखा जड लागत होता. बायको शेजारी बसून भाषण पुटपुटत होती. "...आणि हा फोटो बाबांच्या पहिल्या वर्गाचा..." प्रत्येक फोटोला तो खिसा चाचपून बघे. त्याने एकदा रेडिओ लावला, एकदा बंद केला. एका वळणावर त्याला वाटले, गाडी बंद पडली तर किती बरे होईल. पण आज गाडी कधी नव्हे इतकी छान चालली होती. शेवटी त्याने ती रस्त्याच्या कडेला थांबवली.

"ऐक. त्या पेनड्राइव्हमध्ये काही नाहीये. मी तो सकाळी कोरा केला. चूक झाली माझी. तुझी महिन्याची मेहनत मी घालवली. तू म्हणशील ते कर, पण बाबांसमोर मीच सांगणार, तू नाही."

बायकोने भाषणाच्या कागदावरून मान वर केली नाही.

"हं," ती म्हणाली.

"अगं, हं काय? मी काय सांगतोय?"

"ऐकलं. आधीपासूनच काही नव्हतं त्यात." तिने पर्स उघडून आतल्या कप्प्यातला एक हिरवा पेनड्राइव्ह दाखवला आणि कप्पा परत बंद केला. "फोटो यात आहेत. सकाळी तुझं काम आहे म्हटल्यावर तू घरात पहिला दिसेल तो पेनड्राइव्ह उचलणार आणि पुसणार. म्हणून पहिला दिसेल असा एक मी ठेवला."

"मग बाबांचे फोटो आहेत असं का सांगितलंस?"

"म्हटलं, बघू ऐकतोस का."

त्याने लाल पेनड्राइव्ह खिशातून काढून समोर टाकला. सुटका झाल्याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, हे त्याला कळेना, म्हणून त्याने दोन्ही एकदम केले आणि गाडी सुरू केली. "तुला हे असलं सुचतं तरी कसं?" त्याने विचारले. ती नुसती हसली.

पाच वाजून गेल्यावर धापा टाकत ते सभागृहात शिरले, तर तिथे शिपाई सावकाश खुर्च्या मांडत होता. "कार्यक्रम सहाला आहे," बायको म्हणाली. "तुला पाच सांगितलं होतं."

सासूबाई आल्या, त्यांनी गाडीतली बॅग बघितली आणि पट्टीवरचा मजकूर वाचून ती दोघा विद्यार्थ्यांकडून उभीच्या उभी, जपून घरी पोचवली. सहाला फोटो पडद्यावर आले. लोक हसले, टक्कलवाल्यांनी आपापले केस ओळखले, लेक बोलताना एकदाच अडखळली. सासऱ्यांनी पहिल्या रांगेत बघितले. लेक होती, शेजारी जावईही होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, कागद न काढताच ते माइकपाशी आले आणि म्हणाले, "मी काही फार वेळ घेणार नाही. दहाच मिनिटं बोलतो."

सासूबाईंनी चपला काढल्या आणि पाय वर घेतले. मग पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून लेकीकडे दिला. लेकीने त्यातली दोन घेऊन, समोरून नजर न काढता, पुडा नवऱ्याकडे सरकवला.