आबांनी सूप करायला घेतलं

आबांनी वयाच्या सत्तरीत स्वयंपाक शिकायचं ठरवलं आणि ठरवताना कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. पण विचारणार कुणाला? घरात माणसं उरली होती दोन. एक आबा, आणि दुसरी त्यांची सून. ती सकाळी साडेसातला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जायची आणि संध्याकाळी सहाला खांदे चोळत परत यायची. आबांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा आठ महिन्यांपूर्वी गेला. साधा ताप म्हणून निजला आणि सातव्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून आबा बाहेरच्या खोलीत बसून ताटाची वाट बघत (या कामाचा त्यांना चाळीस वर्षांचा दांडगा अनुभव होता), आणि सून आत कसलाही आवाज न करता स्वयंपाक करत असे.

ठरवायला कारण झालं ते सुनेच्या भावाच्या फोनचं. घर दोन खोल्यांचं, मधली भिंत नावापुरती आणि फोन स्पीकरवर, त्यामुळे आबांना सगळं स्पष्ट ऐकू आलं. भाऊ म्हणत होता, "किती दिवस दुसऱ्याचे गणवेश शिवणार तू? माझ्या घराखालचा गाळा रिकामा पडलाय. तुझं मशीन घेऊन ये, स्वतःचं काम सुरू कर. मी रविवारी येतोच."

"इतक्यात नको रे दादा," सून म्हणाली. "बघू."

त्या 'बघू'ने आबा सावध झाले. सून गेली तर मागे राहणार कोण, हे सांगायला गणित यावं लागत नाही. ती जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तसं तोंडाने म्हणण्याची त्यांना शरम वाटत होती. मग त्यांनी आपल्या पद्धतीने विचार केला. आबा म्हणजे मोटारदुरुस्तीच्या कारखान्यातले जुने स्टोअरकीपर. काहीही बिनसलं की कशाची कमतरता आहे आणि कशाचा भार जास्त आहे, ते आधी बघायचं. इथे कमतरता होती वाणसामानाची, आणि भार म्हणजे ते स्वतः. पोरगी दिवसभर राबून येते आणि वर या म्हाताऱ्याला रांधून घालते. तिच्या डोक्यावरचा स्वयंपाक काढून घेतला आणि तोही स्वस्तात बसवला, तर ती जाईलच कशाला? रविवारपर्यंत हातात सहा दिवस होते.

स्वस्त, पोटभर आणि एकाच भांड्यात होणारं म्हणजे सूप, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते पिशवी घेऊन भाजीवालीकडे गेले.

"सूपाला काय लागतं ते द्या," आबा म्हणाले. "महाग नको. पण पोट भरलं पाहिजे."

"कोबीची वरची पानं आहेत, ती मी टाकूनच देते. टोमॅटो मऊ पडलेत. गाजरं आहेत, जरा वाकडी. सगळ्याचा मिळून एक वाटा करून देते."

"वाकडी गाजरं?" आबांनी एक गाजर डोळ्यासमोर धरून त्याचा सरळपणा तपासला. उभ्या आयुष्यात त्यांनी वाकडा माल पावतीवर सही करून आत घेतला नव्हता.

"का, भिंतीत ठोकायचीत का आजोबा?"

आबांनी मुकाट्याने गाजरं घेतली.

वाण्याकडून मीठ आणि मसूर आणून केलेलं पहिल्या दिवशीचं सूप दहा वाट्या डाळीचं झालं. माणसं दोन; पण कमी पडायला नको म्हणून आबांनी चार वाट्या जास्तच टाकल्या होत्या आणि डाळ फुगते ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. मोठं पातेलं भरलं, मग कुकर भरला, मग बादलीकडे बघून आबा थांबले. बटाटे मात्र कच्चे राहिले. सून आली, पातेल्याकडे बघून दारातच उभी राहिली.

"कुणी येणार आहे का आबा?"

"कुणी नाही. तू बस. आजपासून तू फक्त बसायचं."

ती बसली. बटाटा दाताखाली कुरकुरीत वाजला तरी चेहरा न हलवता तिने सगळं संपवलं आणि "चांगलं झालंय" म्हणाली. आबांनी ते खरं धरलं. त्यामुळे तेच सूप मंगळवारी होतं आणि बुधवारीही होतं.

दरम्यान आबांनी घराला स्टोअरचा मुख्य नियम लावला होता: आधी आलेला माल आधी बाहेर. त्यामुळे कालचा कोबी संपेपर्यंत आजच्या कोबीला हात लावायचा नाही. तो संपेपर्यंत आजचा कोबी कालचा होत असे. असं करून नियम काटेकोर पाळला गेला आणि त्या आठवड्यात घरात कुणीही ताजी भाजी खाल्ली नाही.

गुरुवारी दुपारी त्यांची नजर मांडणीवरच्या डब्यांवर गेली, आणि स्टोअरकीपरच्या जिवाचा थरकाप झाला. एकाही डब्यात चिठ्ठीवर लिहिलेलं निघेना! 'साखर' म्हणावी तर आत मीठ. 'चहा'त मसूर. 'मिठा'त शर्टाची बटणं. 'धुण्याचा सोडा' लिहिलेल्या डब्यात तर चक्क तांदळाचं पीठ होतं. चिठ्ठ्या सगळ्या बायकोच्या हातच्या. आपल्या घरात, आपल्या नाकाखाली, इतकी वर्षं असा गलथान कारभार चालू होता हे बघून आबांना कानकोंडं झालं. त्यांनी बाह्या सरसावल्या. तीन तास खपून प्रत्येक जिन्नस आपापल्या नावाच्या डब्यात नेऊन बसवला. मोरीजवळचा धुण्याच्या सोड्याचा पुडासुद्धा त्यांनी सोडला नाही. तो शिस्तीत 'धुण्याचा सोडा' लिहिलेल्या डब्यात गेला, आणि डबा मांडणीवर आपल्या जुन्या जागी. सगळं झाल्यावर ते लांब उभे राहून बघत राहिले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना काही काम केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी सून आली तेव्हा टोमॅटोचं सूप उकळत होतं, आणि पाण्यासारखं पातळ होतं.

"राहू दे, मी जरा दाट करते," ती म्हणाली. आबा "तू बस, तू बस" म्हणेपर्यंत तिचा हात सवयीने मांडणीवरच्या तिसऱ्या डब्याकडे गेला. तिने न बघता झाकण काढलं, दोन मोठे चमचे भरले आणि सूपात सोडले.

पातेलं आधी गुरगुरलं. मग फसफसलं. मग त्यातून गुलाबी फेस वर आला, काठ ओलांडून शेगडीवर सांडला, गॅस विझला, तरी फेस थांबेना. तो ओट्यावरून वाहत आबांच्या चपलेपर्यंत आला. सगळ्या घराला धुतलेल्या कपड्यांचा वास सुटला.

"काय टाकलंस ग?" आबा ओरडले.

"पीठ!"

"पीठ कुठलं? डब्यावर स्वच्छ लिहिलंय धुण्याचा सोडा!"

"पण त्यात पीठच असतं ना आबा!"

"मी दुपारी दुरुस्ती केली. प्रत्येक डब्यात आता बरोबर माल आहे!"

सुनेने डब्याकडे बघितलं, फेसाकडे बघितलं, हातात पळी घेऊन फेसात उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बघितलं, आणि ती हसायला लागली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती. ओट्याला धरून हसली, खाली बसून हसली. आबाही हसले. मग हसताहसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तुम्हाला ठाऊकच नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "ह्यांना लहानपणी गोडाची फार ओढ होती. पिठीसाखर पुरायचीच नाही. म्हणून सासूबाईंनी ती सोड्याच्या नावाने ठेवली. मग मीठ साखरेच्या नावाने, कारण एकदा मूठभर तोंडात गेलं की पुन्हा हात लावणार नाहीत. पण हे आठवड्याभरात सगळं ओळखून बसले, मग सोड्याच्या डब्यात पीठ आलं. मला सगळं ह्यांनीच सांगितलं. ह्याच ओट्याला टेकून सांगत होते."

त्या चिठ्ठ्यांनी मुलगा आठवडाभर फसला होता, आणि बाप तीस वर्षं. तीस वर्षं ते बाहेरच्या खोलीत ताटाची वाट बघत बसले होते आणि आत आपला मुलगा मूठभर साखरेसाठी काय काय करतो, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. आपण मुलाला फार कमी ओळखत होतो हे त्यांना तिथे उभ्याउभ्या समजलं, आणि फार वाईट वाटलं. मग त्या दोघांनी जमिनीवर बसून सगळे डबे पुन्हा चुकीचे भरले.

शुक्रवार आणि शनिवार हे दोन दिवस बरे गेले. सून ओट्याशी उभी राहून सांगायची आणि आबा करायचे. कांदा मंद आचेवर लाल होऊ द्यायचा, घाई करायची नाही. मसूर दोन मुठी, बस्स. लसूण ठेचून. शिजलेला एक बटाटा कुस्करून घातला की सूप आपोआप दाट होतं, पीठ लागतच नाही. टोमॅटो शेवटी. शिळा पाव तव्यावर कडक करून वर चुरायचा. मधूनमधून ती त्यांच्या मुलाच्या गोष्टी सांगायची, आणि आबा पळी हलवत ऐकायचे. आता ही कशाला जाते, असं त्यांना शनिवारी जवळजवळ खात्रीने वाटलं.

रविवारी सुनेचा भाऊ आला. आबांनी त्याला स्वतःच्या हाताने वाढलं. मऊ टोमॅटो, कोबीची टाकाऊ पानं आणि दोन मुठी डाळ यांचं ते सूप, पण असं जमून आलं होतं की भावाने तीनदा मागून घेतलं.

"हे तुम्ही केलंत आबा? एकट्याने?"

"एकट्याने!" आबा छाती फुगवून म्हणाले. "हिने आज चमच्यालासुद्धा हात लावला नाही. हिला काही बघावंच लागत नाही आता."

भावाने बहिणीकडे बघितलं. "मग आता काय अडचण आहे? चार महिने बोलावतोय मी. तूच म्हणाली होतीस ना, आबांच्या जेवणाची सोय होईपर्यंत हलणार नाही म्हणून?"

आबांचा हात पळीवरच राहिला. चार महिने तो भाऊ बोलावत होता, आणि चार महिने ती केवळ त्यांच्या ताटासाठी थांबली होती. ते ताट त्यांनी सहा दिवस घाम गाळून स्वतःच उचललं होतं.

"अरे, आज चुकून चांगलं झालंय," आबा घाईघाईने म्हणाले. "रोज असं होत नाही. गुरुवारी तर फेस आला होता, विचार हिला!"

भाऊ मोठ्याने हसला. सून हसली नाही. भाऊ हात धुवायला गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार."

'नको' हा शब्द आबांच्या ओठांवर आला होता. सहा दिवस त्यांनी दुसरं काही म्हटलंच नव्हतं, फक्त ते डाळीत आणि बटाट्यात म्हटलं होतं. पण तिचे ते चोळून चोळून लाल झालेले खांदे त्यांना दिसले, आणि ती तिशीचीही नाही हे आठवलं.

"जा," ते म्हणाले. "रिकामा गाळा कुणी फार दिवस ठेवत नाही."

बुधवारी ती मशीनसकट गेली. आबा टेम्पो वळेपर्यंत रस्त्यावर उभे होते आणि नंतरही बराच वेळ उभे होते.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला. मागे गाळ्याचं शटर उघडल्याचा आवाज आला.

"आज काय केलंत आबा?"

"सूप."

"कसं झालंय?"

आबांनी चमचा चाटला. इतकं चांगलं सूप त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं.

"पार बिघडलंय," ते म्हणाले. "मीठ फार पडलंय. तोंडात घालवत नाही."

आबांनी फोन कानाला घट्ट लावला.

"खोटं बोलताय," सून म्हणाली. "खरंच बिघडलं असतं तर तुम्ही कबूल केलं असतं का? जेवून घ्या. माझ्याकडे गिऱ्हाईक आलंय, मी नंतर बोलते."

फोन बंद झाला. सुनेने आपल्याला खोटारडं ठरवावं हे आबांच्या मनाला लागलं. त्यांनी 'साखर' लिहिलेला डबा उघडून दोन मुठी मीठ पातेल्यात टाकलं, नीट ढवळलं, चव घेऊन तोंड वाकडं केलं आणि आता अगदी सत्य सांगण्यासाठी तिला पुन्हा फोन लावला. तो वाजत राहिला. गिऱ्हाईक मोठं असावं. आबांनी तीनदा लावून बघितला, मग पान मांडलं आणि ते सूप खाली बसून सगळं संपवलं, कारण त्या दिवशी घरात दुसरं काहीच केलेलं नव्हतं.